हाव्रिलोचं माप

"ही शिवण कोणी मारलीय? डोळे बांधून मारलीय का?" झिनाइदा पेत्रिवनानं जाकीट उलटं केलं आणि खांद्याचा पट्टा दोन्ही हातांनी खेचला. आठवड्यातली ही तिची तिसरी खेप होती.

"सगळ्यात स्वस्त आहे ते," मी म्हणालो. "सव्वीसशे हरिव्नियांत डोळे उघडे ठेवून कोण शिवणार?"

"आणि ते?"

"ते अठरा हजारांचं."

"मग ते कशाला दाखवताय मला? राहू दे वरच."

युद्धाआधी या दुकानात मी गळ, जाळी आणि रबरी बूट विकायचो. आता त्याच खुंट्यांवर प्लेट-कॅरियर लटकतात. छातीवर आणि पाठीवर चिलखती प्लेटा अडकवायची ही जाकिटं. प्लेटा लढाईवर असलेल्या तिच्या नवऱ्याकडे होत्या, जाकीट मात्र तारेत अडकून फाटलं होतं.

गिऱ्हाईक मी दारातच ओळखतो. बाप येतात ते महागाचं मागतात आणि मधलं घेऊन जातात. बायका आधी वजन विचारतात. तरुण पोरं आरशात बघतात. झिनाइदा पेत्रिवना यांतल्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. पोल्तावाच्या याच बाजारात, दुसऱ्या टोकाला, तिची शिलाईची टपरी आहे. अर्ध्या गावाच्या विजारी तिनं आखूड केल्यात. ती माल घ्यायला येतच नव्हती, मालाची परीक्षा घ्यायला येत होती, आणि सगळेच नापास होत होते.

"मधलं घ्या," मी चौथ्यांदा म्हणालो. "सात हजार. शिवण दुहेरी आहे. ही दोरी ओढली की सगळं सुटून खाली पडतं. जखमीला बाहेर काढणाऱ्यांना कात्री शोधत बसावं लागत नाही."

"दोरी पाहिली मी. दोरी चांगली आहे."

"मग? प्लेटची वरची कड इथं यायला हवी, गळ्याच्या खळग्याशी..." मी माझ्या गळ्यावर बोट ठेवलं मात्र, तिनं फटकन माझ्या हातावर मारलं.

"स्वतःच्या अंगावर दाखवू नका! साठी उलटली तरी कळत नाही तुम्हाला?"

बरोबर होतं तिचं. मार कुठं बसतो ते आपल्या अंगावर दाखवायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मी निमूटपणे कोपऱ्यातला प्लास्टरचा पुतळा ओढून आणला. एके काळी तो कोळ्याची रबरी विजार घालून उभा असायचा. आता त्याच्या छातीवर मी प्लेट धरली.

"प्लेट खाली घसरली, तर छाती वरून उघडी. म्हणून बाजूचा पट्टा अंगाबरोबर हवा. घेर किती लिहू?"

"एकशे अठरा सेंटिमीटर."

"मोजलात कधी?"

"एकोणतीस वर्षं मोजतेय. हाव्रिलोचा एक शर्ट कधी दुकानातून आलेला नाही. माप माझ्या हातात आहे." आणि तिनं दोन्ही हात हवेत गोल धरून दाखवले, कोणाला तरी मिठीत घेतल्यासारखे.

"अकरा महिने झाले त्यांना आघाडीवर जाऊन. फोन करून विचारा."

"परक्या माणसासमोर नवऱ्याचं पोट विचारू?"

आता माझीही सहनशक्ती संपली. "नका विचारू! पट्टा ढिला निघेल, पळताना प्लेट हेलकावे खाईल. ते जाकीट परत पाठवतील, मी बदलून देईन. मधले दोन आठवडे त्यांनी काय घालून फिरायचं? तुम्ही शिवलेला शर्ट?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुतळ्यामागे सरकलो. पण फोन काढला. तिला ऐकायला कमी येतं म्हणून आवाज मोठा ठेवला.

"हाव्रिलो, घेर किती तुझा?"

"आँ? काय झालं?"

"पोटाचा घेर! जाकिटासाठी!"

"अगं, तुला ठाऊक आहे की. तेवढाच."

तिनं विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात फोनमध्ये मागून कोणी तरी खिदळलं. "मावशी, खोटं बोलतोय तो! कमरपट्ट्याला चार नवी भोकं पाडलीत, खिळा तापवून! पाचव्याला आता जागा नाही!"

"गप रे, दान्को!"

झिनाइदाचा चेहरा हलला नाही. "हाव्रिलो, सुतळी घे. पोटाभोवती गुंडाळ आणि मोज. मी थांबलेय."

बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू येत राहिली.

"चौऱ्याण्णव."

तिनं गळ्यातली टेप दोन चिमटींत धरली. एक अंगठा एकशे अठरावर, दुसरा चौऱ्याण्णववर. त्या दोन अंगठ्यांमधल्या अंतराकडे ती बघत राहिली.

"जेवतोस काय तिथं? माती?"

"जेवतो गं. काल बोर्श होतं."

"खोटारडा. आयुष्यात पहिल्यांदा माझं माप चुकलं, ते तुझ्यामुळे. दुकानात माझी शोभा केलीस."

"मधलं देऊ ना?" मी हळूच विचारलं. "आखूड पट्ट्याचं?"

तिनं मान डोलावली. मी हिशेब उरकायच्या घाईत होतो, म्हणून बोलून गेलो, "याच्यावर छातीवरची नावाची पट्टी दोऱ्यानं फुकट भरून मिळते. तिकडचं टोपणनाव घालतात."

"ऐकलंस? तुला तिकडे काय म्हणतात?"

"पट्टी नको."

"फुकट आहे!"

"झिना, राहू दे."

"अकरा महिने झाले आणि नवऱ्याला काय हाक मारतात ते मला माहीत नाही. सांग."

"पिंप," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी गाडीतून उतरलो ना, तेव्हाच ठेवलं. तळघराच्या दारातून मावत नव्हतो."

या वेळी मागून कोणी हसलं नाही. मग त्याला कोणी तरी बोलावलं आणि फोन बंद झाला.

मी खोकलो. "दुसरं काही घालू का? आडनाव वगैरे?"

तिनं माझा दोऱ्याचा खोका पुढं ओढला, एका रिळाचा दोरा तोडून पाहिला, मग दुसऱ्याचा. "दोरा तरी बरा ठेवत जा. पट्टी इकडे द्या. सुई आहे, की तीही माझीच काढू?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली. ती माझ्या खुर्चीवर बसली, चष्मा लावला आणि 'पिंप' भरायला लागली. जाड, रुंद अक्षरं, पट्टीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. कुठं बोटभर जागा म्हणून तिनं सोडली नाही.