काकांचा गार हात

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. केस कापायच्या दुकानातली. लोखंडी पाय, फिरती बैठक आणि दोनदा ठिगळ लागलेलं रेक्झिन. नवी होते तेव्हा लोक आरशाआधी मला बघत. आता आत येताच नाक मुरडतात. खरं सांगू? मी थकले आहे. आयुष्यभर लोकांचं ओझं वाहिलं, त्यांच्या गप्पा ऐकल्या, डुलक्या सोसल्या. आता कुणी बसलं की मी नुसती कुरकुरते.

माझे मालक, ज्यांना सगळे काका म्हणतात, माझ्या पाठीवर हात टेकवून काम करतात. त्यामुळे तो हात माझ्या चांगल्या ओळखीचा. मधली काही वर्षं काका दारू पीत, तेव्हा तो सैल आणि गरम असे. काकूंनी ते दिवस रडून काढले. दारू एकदाची सुटली, तर मधुमेह मागे लागला. रोज रक्तातली साखर उतरवणारं इंजेक्शन घ्यायचं आणि वेळेवर जेवायचं. पहिलं काकांना जमलं, दुसरं काही जमेना. काकूंनी मात्र धसका घेऊन दुकानातून गोडाचा कणही हद्दपार केला.

त्या रविवारी गर्दी फार होती. इंजेक्शन घेऊन आलेले काका, पोटात कावळे ओरडत असतानाही, "एवढं एक डोकं उरकतो" म्हणत राहिले. डबा तसाच पडला होता. दुपारी शाळेतले मास्तर दाढीसाठी गालाला साबण लावून माझ्यावर बसले. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी चपापले. डोक्यावर पंखा फिरत होता, तरी हात घामाने ओला. गार पडलेला आणि थरथरणारा.

"काका, वस्तरा हलतोय तुमचा," मास्तर म्हणाले.

"गप बसा हो तुम्ही!" काका खेकसले. जीभ जड झाली होती.

मास्तर साबणासकट उठले. "पुन्हा सुरू केलीत वाटतं!"

बाकावरची माणसं हसली. काकांच्या हातातून वस्तरा गळला आणि ते माझ्यावरच कोसळले. तेवढ्यात काकू डबा न्यायला आल्या. त्यांनी काकांकडे पाहिलं, हसणाऱ्यांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"फुटकं नशीब माझं," एवढंच म्हणून त्या माघारी वळल्या.

मी जीव तोडून कुरकुरले, पण खुर्चीचं कोण ऐकतं? दाराशी काकूंनी डबा उचलला, तर तो भरलेला. त्या झटकन उलट्या फिरल्या. काकांच्या तोंडाजवळ नाक नेलं. वास नव्हता. कपाळ गार.

"अहो, प्यायलेले नाहीत हे! उपाशीपोटी शुगर फार उतरलीय यांची! मास्तर, पळा, चहावाल्याकडून साखर आणा!"

मास्तर साबणाच्या तोंडाने धावले. काकूंनी पाण्यात साखर ढवळली. "गिळता येतंय ना? घ्या, सावकाश घ्या." बऱ्याच वेळाने काकांची नजर ठिकाणावर आली. मग काकूंनी त्यांना समोर बसून जेवायला लावलं.

"मला वाटलं, तुम्ही..."

"कळलं मला ते," काका म्हणाले. "सांगायचं होतं गं. शब्दच सापडेनात."

काकूंनी ओंजळीत तोंड लपवलं. मलाही फार वाईट वाटलं.

मित्रांनो, मला नवं रेक्झिन नको. एवढंच करा. मधुमेहाचं औषध घेणारं माणूस घामाघूम झालं, थरथरलं, बरळलं, उगाच चिडलं, तर आधी साखर द्या. गिळता येत नसेल, तर तोंडात काही न घालता तडक डॉक्टरांना बोलवा. आणि हसू नका. काका माझ्यावर पडून सगळं ऐकत होते.