मूळ फोटो

काकूंनी मधला पडदा ओढून घेतला, त्याची कड भिंतीला टेकली की नाही ते बोटांनी चाचपून पाहिलं आणि मगच त्या काउंटरपाशी आल्या. हार्डवेअरवाले दादा तोवर स्टुलावर बसून फोनमध्ये डोकं खुपसून होते.

"आत कोणी आहे का?"

"नाही. पाठीमागचं कापड सुटलं होतं."

खोटं बोलायची सवय नसली की हाताला काहीतरी काम लागतं. काकू काउंटरची काच पुसू लागल्या. काच सकाळीच पुसलेली होती.

दादांनी फोन त्यांच्यापुढे सरकवला. "हे बघा. पोलिसांनी खांबाखांबावर जे चिकटवलंय, त्यात नाक कुठलं आणि डोळा कुठला ते कळत नाही. मोठे करून द्या. दोघांचे दोनशे-दोनशे. गस्तीवरच्या आमच्या माणसांना वाटायचेत. आणि जरा साफ करा."

फोनवर दोन फोटो होते. एक उंच पोरगा, कुठल्यातरी समारंभाच्या फोटोतून कापून काढलेला. दुसरा एकटा, आकाशी कापडापुढे, कॉलर सरळ, ओठ जरासे विलग. तो दुसरा फोटो काकूंनी बघितल्यासारखं केलं. बघायची गरज नव्हती. कापडाच्या डाव्या कोपऱ्यातली ती चुणी त्यांच्याच स्टुडिओतली होती. दोन वर्षं इस्त्री करूनही ती गेली नव्हती.

तीन दिवसांपूर्वी भर दुपारी औषधवाल्या आजोबांना त्यांच्या दुकानातच कोणीतरी मारलं. पळून जाताना दिसलेले हे दोघं तेव्हापासून बेपत्ता होते. त्या दिवसापासून अठरा-वीस वर्षांची पोरं असलेल्या घरांनी आपापल्या पोरांना घरात कोंडलं होतं. कोणी बाहेर पडलाच तर एकटा पडायचा. दोघं मिळून चालायची सोय राहिली नव्हती.

पासपोर्टचे फोटो न्यायला आलेली शिंपीणबाई दादांच्या खांद्यावरून डोकावली.

"काकू, तुम्ही नका बाई त्या फोटोला हात लावू. तुमच्या हातून साफ झाला तर खुनीसुद्धा चांगलं स्थळ म्हणून खपायचा."

दादा हसले नाहीत. शिंपीणबाईने पाकीट उचललं आणि ती निमूट निघून गेली.

"माझी पोरगी तापाने फणफणली होती ना," दादा म्हणाले, "तेव्हा तो म्हातारा औषध देऊन घरी गेला नाही. तिच्या उशाशी बसून राहिला. मला म्हणाला, तू झोप, तुला उद्या दुकान उघडायचंय. त्यांना काय दुकान उघडायचं नव्हतं?" त्यांनी नाक ओढलं. "पोलिसांच्या आधी ते दोघं आपल्याला सापडले पाहिजेत, काकू. बस्स. एवढंच."

"परवा तो कुरिअरवाला..."

"चूक झाली. मी नाही म्हणत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं. म्हणून तर म्हणतो, फोटो स्पष्ट पाहिजे. म्हणजे पुन्हा तसं व्हायला नको."

काकू म्हणाल्या, "प्रिंटरला वेळ लागेल. सहाला या."

दादा गेल्यावर काकूंनी पाटी उलटी फिरवली नाही. भरदिवसा दुकान बंद दिसलं असतं तर चार जण विचारायला आले असते. त्या पडदा बाजूला करून आत गेल्या.

आतल्या खोलीत, छत्रीच्या दिव्याच्या मागे, सामानाच्या पेटीवर त्या दुसऱ्या फोटोतल्या पोराची आई बसली होती. पहाटे शटर उघडायला आलेल्या काकूंना ती दारातच उभी दिसली होती: इस्पितळातल्या आयांचा तो निळा गणवेश, तोंडाला मास्क, पायात दोन वेगवेगळ्या चपला. तिच्या घराच्या पायरीवर रात्रीपासून माणसं बसली होती. ती मागच्या मोरीच्या खिडकीतून निघाली होती. आणि या शहरात चार महिन्यांत तिला ओळखीचं म्हणता येईल असं एकच दार होतं, जिथे ती पोराच्या नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आली होती.

"देणार का त्यांना?" तिने विचारलं.

"मी नाही दिला तर दुसऱ्या दुकानात जातील."

"मग तोच द्या. साफ केलेला."

काकू कॉम्प्युटरपुढे बसल्या. त्यांची कामाची एक रीत होती, यजमानांच्या वेळेपासूनची. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा गिऱ्हाइकाने न सांगताच साफ व्हायचा. तीळ, पुटकुळ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, देवीचे व्रण, सगळं जायचं. मूळ फोटो मात्र त्या कधी फेकत नसत. तो कॉम्प्युटरवरच एका वेगळ्या खणात ठेवलेला असे. यजमान म्हणत, माणूस आधीच दुःखी असतो, फोटोत तरी त्याला सुखाने बसू दे. त्या पोराच्या फोटोत डाव्या कानाखालून गळ्यापर्यंत उतरलेला भाजल्याचा डाग होता, अंगठ्याएवढा रुंद. त्याच्या आईने लाजत "काकू, तेवढं जरा..." म्हणेपर्यंत तो पुसूनही झाला होता.

"पोलिसांनी विचारलं, अंगावर काही खूण?" आई सांगत होती. आवाज इतका खाली की काकूंना मान वळवावी लागली. "मी म्हटलं, काही नाही. त्यांनी तुमच्या फोटोकडे बघितलं आणि तसंच लिहून घेतलं. तो कायम कॉलर उभी करून फिरायचा, गल्लीत कोणाला ठाऊक नाही. डाग कळला तर प्रत्येक चौकात कॉलरी खाली करून बघतील. पहिल्याच चौकात ठेचतील त्याला."

"त्याने केलंय का?"

आईने पायातल्या दोन वेगवेगळ्या चपला एकमेकींशी जुळवून ठेवल्या. "केलं नाही असं मी म्हणत नाही. मला एकदा दिसू दे. मग मी विचारीन." मग म्हणाली, "तो डाग माझाच आहे, काकू. दोन वर्षांचा होता. माझ्या हातून दूध सांडलं. उकळतं."

बाहेर कोणीतरी काउंटरवर नाणं वाजवलं.

"काकू! आहात का?"

कुरिअरवाला पोरगा होता. डावा डोळा बंद, जांभळा. खालच्या ओठावर चार टाके. हात गळ्यात अडकवलेला. काकूंना वाटलं आपण ओरडणार. पण तोच हसला, जितकं टाके हसू देत होते तितकं.

"फोटो काढायचाय. विम्याच्या फॉर्मला लावायचाय, चेहऱ्याचा. आणि हात जोडतो, म्हणजे एक हात जोडतो, साफ करू नका. तुम्ही साफ केलात तर विमावाले म्हणतील, ह्याला झालंय काय?"

कॅमेरा आत होता. आजच्या दिवशी त्या पोराला परत पाठवायला जीभ रेटेना, आणि आत न्यायला पाय. इकडे आड, तिकडे विहीर. काकू जरा मोठ्याने म्हणाल्या, "ये. आत ये," आणि पडदा उघडेपर्यंत जितका वेळ घेता येईल तितका घेतला.

आईने मास्क डोळ्यांपर्यंत ओढला होता.

"ह्या कोण?"

"माझ्या मदतीला आल्यात. तू बस." काकूंनी भिंतीशी टेकवलेला पांढरा पुठ्ठा तिच्या हातात दिला, कारण काहीतरी द्यायला हवं होतं. "हे असं धरा. त्याच्या डाव्या बाजूला. उजेड पडला पाहिजे."

तिने धरलं. पुठ्ठ्यावरचा उजेड पोराच्या सुजलेल्या गालावर पडला. दोघांच्या मधे हातभर अंतर होतं.

"खरं सांगा, काकू," पोरगा कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला, "दिसतो का मी त्याच्यासारखा? त्यांनी फोन माझ्या गालाला लावून बघितला. एक म्हणाला, नाक बघा. एक म्हणाला, कान बघा. मी नुसता ओरडत होतो, आयकार्ड बघा, आयकार्ड बघा. मग त्यांनी ते बघितलं." तो थांबला. ओठाला जीभ लावून टाके चाचपले. "तर म्हणे, ह्यातला तर हुबेहूब तोच. तसंच निळं कापड, तसाच गोरागोमटा. आयकार्डावरचा फोटो तुमच्याकडचाच ना. तिथून पुढे कोणी माझं ऐकलंच नाही."

काकूंचा हात कॅमेऱ्यावर तसाच राहिला.

"हलू नको," त्या म्हणाल्या. पोरगा हलत नव्हता. त्याच्या गालावरचा उजेड हलत होता. काकूंनी तीन फोटो काढले. पोरगा उठला तेव्हा आईने पुठ्ठा खाली ठेवला आणि त्याची एका बाजूला दुमडलेली कॉलर सरळ केली. अगदी सहज, कोणत्याही आईने करावी तशी.

"थँक्यू मावशी," तो म्हणाला.

काकूंनी त्याला फोटो छापून दिले, जसा होता तसा. पैसे घेतले नाहीत. परत आत आल्या तेव्हा आई मास्क काढून बसली होती. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर थोडं रक्त दिसत होतं.

"दिसतो हो," ती म्हणाली. "जरासा दिसतो."

तहानलेल्याने पाण्याचा पहिला घोट घ्यावा तसं ती म्हणाली. काकूंना तिचा राग यायला हवा होता. आला नाही. या जागी आपण असतो तर आपणही मनातल्या मनात हेच म्हटलं असतं, एवढंच त्यांना कळलं, आणि त्याची भीती वाटली. आता अजून किती पोरं जराशी दिसतील, कोणास ठाऊक. त्यांच्या साफ केलेल्या फोटोंच्या खणात चारशेच्या वर फोटो होते, सगळे आकाशी कापडापुढचे, सगळे डागाविना.

त्यांनी मूळ फोटोंचा तो वेगळा खण उघडला आणि मूळ फोटो छपाईला लावला. एकच प्रत. कागद सावकाश बाहेर आला. आधी केस, मग कपाळ, मग तो कान. आई उभी राहिली. तिने कागद ओढला नाही. तो पुरा बाहेर येईपर्यंत ती बघत राहिली.

"दादांना देणार?"

"नाही. पोलिसांना. दादांना मी सांगेन प्रिंटर बिघडला."

"पोलीस काय, वेगळे असतात?"

"माहीत नाही," काकू म्हणाल्या. "पण कोठडीला दार असतं. चौकाला नसतं. तू चल माझ्याबरोबर."

"मी नाही येणार. माझ्या हाताने नाही." ती पुन्हा पेटीवर बसली, भिंतीकडे तोंड करून. काकू थांबल्या. ती जाऊ नका म्हणाली असती, पाया पडली असती, तर काकूंनी काय केलं असतं ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण ती एवढंच म्हणाली, "बाहेरून कुलूप लावून जा. कोणी आलं तर मला उघडावंसं वाटायला नको."

काकूंनी पाण्याचा तांब्या तिच्याजवळ ठेवला, पाकीट छातीशी धरलं आणि शटर ओढून कुलूप लावलं. वळल्या तर समोर दादा.

"झाले का फोटो? मी जरा लवकरच आलो."

"प्रिंटर अडलाय. ठाण्यावर एक फोटो द्यायचाय, तेवढा देऊन येते."

यात दादांना नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. ठाण्याची फोटोची कामं काकूंकडेच असत. "एकट्या नका जाऊ. दिवस वाईट आहेत," म्हणत ते बरोबर चालू लागले. चौकात दहा-बारा जण काठ्या घेऊन उभे होते. दादांना बघून त्यांनी वाट दिली. एकाने काकूंना नमस्कारही केला.

"पाकीट द्या, मी धरतो."

"असू दे. वाकेल."

"खरंय. तुमच्या कामात माझा काय हात," दादा म्हणाले आणि रस्ता ओलांडताना त्यांनी काकूंच्या कोपराला हलकेच आधार दिला. ठाण्याच्या पायरीवर ते थांबले. "निवांत करा काम. मी इथेच बसतो. परत दुकानापर्यंत सोडतो तुम्हाला."

आतल्या साहेबांनी पाकीट फाडलं, खिशातला पत्रकावरचा फोटो काढून शेजारी ठेवला आणि दोन्हीकडे बराच वेळ पाहिलं.

"हे काय आहे?"

"हा खरा. दुसरा मी साफ केलेला. काढला मीच, आणि बिघडवलाही मीच."

साहेबांनी पेन उघडलं. "डाग कधीचा?"

"दोन वर्षांचा असताना भाजला. दूध सांडलं."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्याच्या आईने."

पेन थांबलं. साहेबांनी मान वर केली. "आई कधी भेटली तुम्हाला? सकाळपासून आम्ही तिला शोधतोय. घरात नाही, इस्पितळात नाही."

काकूंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. दादा पायरीवर गुडघ्यांना मिठी घालून बसले होते. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक पोराचा चेहरा ते नीट न्याहाळत होते आणि मधूनमधून, काकू आल्या का म्हणून, मागे वळून दाराकडे बघत होते.

"सांगते, साहेब," काकू म्हणाल्या. "पण आधी पायरीवर जे बसलेत ना, त्यांना काहीतरी कारण सांगून घरी पाठवा. फार भला माणूस आहे तो."