श्वासाचा डाख

पौषाचं रजतवर्ण ऊन उसाच्या तुऱ्यांवरून उतरलं, आणि चांदी घडवणाऱ्या त्या गावाच्या देवळापुढं येऊन थबकलं. फरशीवर मातीची शेगडी. शेगडीत रक्तवर्ण निखारे. शेजारी तेलाचा दिवा, आणि दिव्यापुढं धोंडिराम तात्या: वारा नसताना डोलणारं जुनं झाड.

हात डोलत होते, मान डोलत होती. आज्याची अशीच डोलली, बापाचीही. लहान मेंदू पिढ्यान्‌पिढ्या झिजवणारा रोग हा. आधी पाय नेतो, मग बोली, मग श्वास. शहरातल्या डॉक्टरांनी तात्यांच्या लेकीला, शालनला, हे नीट सांगितलं होतं. गावाला कोण सांगणार? झुकला तो प्यालेला, एवढंच गावाचं वैद्यक! दारूचा थेंब न शिवलेल्या घराला ‘पिदाड्यांचं घर’ म्हणत आलं ते, खुशाल, निर्लज्जपणे.

आणि आज श्वासाचंच काम.

देवीचा झिजलेला तोडा दर पौषी पुनवेला नव्यानं सांधायचा. डाख, म्हणजे चांदीला चांदी चिकटवणारा रवा, वितळवायचा तो दिव्याच्या ज्योतीनं. ज्योत वळवायची फुंकनळीतल्या श्वासानं. गॅसची बंदूक देवीला चालत नाही. धार मध्येच तुटली, की चार पिढ्यांचा मान दुसऱ्या घराण्याला.

तात्यांनी नळी ओठांत धरली. ज्योत लवली, नीलशिखा झाली, सुईसारखी तोड्यावर टेकली. आणि थरथरली.

“सकाळीच घेतली काय वं, तात्या?”

देवळापुढं जमलेल्या गर्दीतून कुणीतरी विचारलं, आणि गर्दी हसली. ज्योत बारीक होत गेली, मावळत्या चंद्रकोरीसारखी क्षीण, पिवळी. तात्यांच्या गळ्यात श्वास करवतीसारखा करकरला.

तोच त्याच दिव्यातून वळलेली दुसरी नीलशिखा तिला येऊन मिळाली.

शालन. ओठांत आज्याची काळवंडलेली पितळी नळी. सहा महिने दार लावून बापानं लेकीला शिकवलं होतं: पेल्यातल्या पाण्यात नळी, बुडबुडे तुटायचे नाहीत, फुंकायचं गालांनी, श्वास घ्यायचा नाकानं.

“ए शालन, बाईमाणसानं नळी धरायची न्हाई!” पंच ओरडले.

तात्यांचे ओठ आता मोकळे होते. उरलेला सगळा श्वास त्यांनी शब्दांना दिला.

“दारू... न्हवं. बाचा रोग हाय.” एक धाप. “बाचाच हुन्नर हाय. लेकीला... दोन्ही दिलंय.”

फरशीवरचं हसू फरशीवरच गोठलं.

गेल्या महिन्यात शालनचा पाय उंबऱ्यावर अडखळला होता, कारणावाचून. तिला कळलं होतं. तात्यांनाही. तरी ती फुंकत राहिली: नीलशिखा अचल, अभंग, गाल टम्म, डोळे कोरडे. ज्या श्वासाला उद्या उतरती कळा लागणार, तो आज तिनं राणीसारखा उधळला.

“थांबू नगं,” तात्या म्हणाले. हात कापत होते. नजर नव्हती कापत. “थांबू नगं... आत्ता सोड!”

शालननं ज्योत सोडली. डाख वितळून सांध्यातून धावला होता, पुनवेच्या पाण्यासारखा, लखलखीत.

देवीच्या पायात तोडा चढला. लेकीच्या खांद्यावर हात टाकून तात्या पायऱ्या उतरले, झुकत, डोलत, ताठ. आणि गाव गुमान बाजूला सरलं. थंडीत दोघांच्या तोंडून वाफ निघाली, एक तुटक, एक लांब, एकीत एक मिसळली. उन्हात पोचली तेव्हा तिचा सांधा कुठं होता, ते देवीलाही ओळखता आलं नसतं.