राहिलेलं बारसं

"संस्थापकांचंच नाव द्या, रोहिदास. शाळेच्या कॉम्प्युटरवर सापडलाय तुमचा धोंडा," मुख्याध्यापक इंद्रजित सर म्हणाले.

"न्हाई चालत, सर. पुढारी असला तर त्याला जाऊन शंभर वर्षं व्हावी लागत्यात. नियमच हाय तसा."

संस्थापक पुढारीच, आणि त्यांना जाऊन अवघी एकोणीस झाली होती. सरांनी चष्मा पुसला आणि विषय तिथेच सोडला.

रोहिदास किकवीजवळच्या एका शाळेत प्रयोगशाळेचा शिपाई. दहाएक वर्षांपूर्वी लघुग्रह शोधायच्या मोहिमेत दुर्बिणीचे फोटो शाळेत आले होते. आकाशाच्या एकाच तुकड्याचे चार फोटो, थोड्या थोड्या वेळाने घेतलेले. मुलं कंटाळून उठली, हा बसून राहिला. बसलेल्या कळपातली एक शेळी जागची हलली तरी त्याच्या धनगर बापाला कळायचं. तसाच ह्याला तो सरकणारा ठिपका दिसला. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला हा दगड आधी कोणाच्या नजरेला पडला नव्हता. बरीच वर्षं मोजमापं झाली, त्याला क्रमांक मिळाला, आणि नाव सुचवायचा मान रोहिदासकडे आला.

त्याच्या मनात एकच नाव होतं. पंचाईत अशी, की ते त्याला ठाऊकच नव्हतं.

रविवारी तो गाडी काढून वेल्ह्याच्या डोंगरात, आपल्या वाडीवर गेला. आई, भागूबाई, अंगणात तांदूळ निवडत होती.

"आये, थोरलीचं नाव काय ठेवणार हुतीस?"

तिचे हात थांबले. रोहिदासच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. बाराव्या दिवशी बारसं ठरलं, अकराव्याला ती गेली. घुगऱ्यांसाठी भिजवलेले हरभरे भागूबाईने शेळ्यांपुढे टाकले. त्यानंतर घरात तिला 'ती पोर' एवढंच म्हणत.

"आता कशाला रं?"

"आबाळात एक दगड घावलाय मला. त्याला द्यायचंय."

"दगडाला? माझ्या पोरीचं नाव?" भागूबाई भडकली. "दगूड व्हती व्हय ती?"

रोहिदास वरमला.

"तो फिरतोय, आये," तो म्हणाला. "आपुन गेल्याव बी फिरंल. आन त्याचं नाव सगळ्या जगाच्या यादीत ऱ्हातंय."

भागूबाई पुन्हा तांदूळ निवडू लागली. सुपातले तांदूळ संपत आले तेव्हा म्हणाली, "बना. बाराव्याला तुझ्या आत्याच्या कानात सांगणार हुते. मग कुनाला सांगायचं ऱ्हायलंच."

चोपन्न वर्षं तिने ते एकटीने सांभाळलं होतं. रोहिदासला रडू आवरेना.

सात महिन्यांनी मान्यता आली. त्याने लगेच फोन केला. "झालं, आये. बना." पलीकडे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी तो वाडीवर पोचला तर घर उघडं, आई बाहेर. शेजारच्या अंबूबाईच्या दारात ती नवं लुगडं नेसून उभी होती, हातात पातेलं.

"घुगऱ्या?" अंबूबाईने विचारलं. "कुनाचं बारसं गं, भागू?"

"बनाचं. माझ्या थोरलीचं."

अंबूबाईला ती पोर आठवत होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्याचं टोक घुगऱ्यांसाठी पुढे धरलं.