ड्रायव्हर आत जेवतो

"इथे दुसरा गिअर टाकायचा आणि हॉर्न दाबायचा. लाजायचं नाही," रेजी म्हणाला. "पलीकडून पाववाल्याची व्हॅन येते. त्याला वाटतं रस्ता सासऱ्याने आंदण दिलाय."

नादेज शेजारच्या सीटवरून वाकून वळण बघत होती. रेजी आज निवृत्त होत होता; उद्यापासून ही बस, दक्षिण फ्रान्समधला हा घाट आणि मागे बसलेली अविन्यों शहरातली पेन्शनर मंडळी तिच्या ताब्यात जाणार होती. वय चाळिशीचं, हात पक्का, जीभ तिखट. रेजीला ती आवडली होती. आवडली नसती तर बरं झालं असतं, असंही त्याला वाटत होतं.

वळण संपलं, जांभळी शेतं दिसली आणि मागची सगळी मंडळी खिडक्यांना चिकटली.

"अहो, थांबवा ना! फोटो काढायचाय!"

"लॅव्हेंडरच्या मळ्यातच चाललोय, बाईसाहेब. तिथे काय बटाटे लावलेत?"

बस हसली. नादेजने हळूच विचारलं, "तिथे आपलं जेवणाचं काय? डबा गाडीतच खायचा?"

"डबा काढलास तर मळ्याची मालकीण ओदिल तो कोंबड्यांना घालेल. पाहुणे अंगणात जेवतात. ड्रायव्हर आत जेवतो, स्वयंपाकघरात."

हे सांगताना त्याचा आवाज एखाद्या जहागीरदारासारखा फुलला. जहागीर म्हणजे काय, तर एका जुन्या टेबलाचा कोपरा. पण रेजीजवळ दुसरं होतंच काय? बायको फार पूर्वी मार्सेयला निघून गेली होती, कार्पांत्रात दोन खोल्या होत्या, हिवाळ्यात शाळेची बस आणि उन्हाळ्यात ही सहलीची. जन्मभर त्याने लोकांना कुठे ना कुठे नेऊन सोडलं. लोक उतरत, बघत, परत येत, आणि हा गाडीला टेकून सिगरेट ओढत उभा. एका ओदिलच्या स्वयंपाकघरातच तो स्वतः पोचत असे.

मळा ओदिलच्या घराण्याचा. तिचा भाऊ ल्यूसियाँ भट्टीवर तेल काढी, मुलगी कोराली पाहुण्यांना शेतं दाखवी आणि दुकान सांभाळी. नवरा गेल्यापासून बाकीचं सगळं ओदिलकडे, म्हणजे सगळंच. मंडळी शेतात गेली की रेजी मागच्या दाराने आत शिरायचा. "आलात? तोंड काय बघता, शेंगा सोला," एवढंच त्याचं स्वागत. मग तो घेवड्याच्या शेंगा सोलायचा, सुपासाठी लसूण आणि बेसिलची पानं कुटायचा, आणि ती रश्श्यात चमचा फिरवता फिरवता वर्षभराचं सांगायची. कोणाचं लग्न मोडलं, कुठला वाफा वाळला, कोराली कशी ऐकत नाही. त्याला फारसं बोलावं लागत नसे. वीसेक वर्षं असं चाललं होतं आणि दोघं अजून एकमेकांना 'तुम्ही' म्हणत होती.

आज मात्र त्याला बोलायचं होतं. गेल्या वर्षी ती म्हणाली होती, खालच्या शेतातलं लॅव्हेंडर रोगाने गेलं, उपटून तिथे बदाम लावायचे. रेजीने हिवाळाभर घोकून एक वाक्य तयार केलं होतं: "ओदिल, ऑक्टोबरात बदाम लावायला माणूस लागेल ना? मी मोकळाच आहे." बस. त्यात प्रेमाचा शब्द नव्हता. पण तिला कळलं असतं. आणि तिला नको असतं तर तिने नुसतं "माणसं ठरलीत" म्हटलं असतं आणि दोघांचीही लाज राहिली असती. हे आजच विचारायला हवं होतं. उद्यापासून त्याला इथे यायला कारणच उरणार नव्हतं, आणि बिनकारणाचा कोणाच्या दारात उभा राहणारा माणूस तो नव्हता.

त्याने गाडी सावलीत लावली, मंडळींना कोरालीच्या हवाली केलं आणि सवयीने मागच्या दाराकडे वळला. दारात ओदिल उभी. कानात मोत्याची कुडी, अंगात निळा झगा. असं तिला त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"तिकडे कुठे? आज इथून प्रवेश बंद," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे अंगणात बसायचं. इतकी वर्षं तुम्हाला आम्ही लसणाच्या धुरात बसवलं. मला मेलीला कधी सुचलंच नाही. आज शेवटच्या दिवशी तरी तुम्ही आमचे पाहुणे." तिने त्याचा दंड धरला. तेही पहिल्यांदाच. त्या स्पर्शाच्या भरात तो मुकाट्याने अंगणात चालत गेला.

लांब टेबलावर पांढरी चादर, मधोमध त्याची खुर्ची, पाठीला लॅव्हेंडरची जुडी बांधलेली. ल्यूसियाँ भट्टी सोडून आला होता, कॉलरचं बटण लावून. त्याने पेला उंचावला. "हा माणूस नसता तर तुमच्यापैकी निम्मे दरीत असते," तो पेन्शनर मंडळींना म्हणाला. टाळ्या झाल्या. कोरालीने दुकानातली मोठी टोपली आणली, साबण, मध, तेलाची बाटली, वर रिबीन.

"आणि ऐका रेजीकाका," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुम्हाला आमच्या मळ्यात कायमचा प्रवेश फुकट! तिकीट मागणार नाही!"

सगळे हसले. रेजीही हसला. भीक नको पण कुत्रं आवर, अशी त्याची गत झाली होती. यात कोणाचं काही चुकलं नव्हतं, आणि तेच त्याला सोसवत नव्हतं. कोणी वाईट वागलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

ताटं आली. लॅव्हेंडरच्या मधातली कोंबडी, लॅव्हेंडर लावलेलं चीज. या घरात कोणी लॅव्हेंडर तोंडात घालत नसे. "ते कपाटात ठेवायचं. खातात ती बाहेरची माणसं," असं ओदिलच म्हणायची. रेजीने ताट संपवलं. शेवटी फिक्या जांभळ्या आइस्क्रीमची वाटी पुढे आली तेव्हा तो उठला.

"आलोच," शेजारच्या बाईंना सांगून तो घराकडे निघाला. वाक्य तोंडात तयार होतं. मागचं दार उघडंच होतं.

आत ओदिल चुलीपाशी पाठमोरी. झग्यावर जुना अॅप्रन चढला होता. आणि टेबलाच्या कोपऱ्यात नादेज बसली होती, समोर शेंगांचा ढीग, पुढ्यात सुपाची वाटी.

"आणि मग शेजारणीच्या सुनेची आई म्हणते कशी," ओदिल सांगत होती, आणि नादेज आधीच हसायला लागली होती.

रेजीला पाहताच ती उठू लागली. "बसा ना तुम्ही, मी..."

"बस तू. तुझीच जागा आहे ती," रेजी म्हणाला. "फक्त खुर्ची भिंतीला टेकवून बस. एक पाय आखूड आहे तिचा."

ओदिल वळली. हातातला चमचा रश्श्याचे थेंब फरशीवर टाकत होता. "काय हवंय, रेजी?" तिचा आवाज एकदम उतरला होता.

बदाम, ऑक्टोबर, माणूस, सगळे शब्द होते तिथे. नादेज शेंगेकडे बघत होती, जणू तिने आयुष्यात शेंग पाहिलीच नव्हती.

"मीठ," रेजी म्हणाला.

ओदिलने मिठाची वाटी पुढे केली. देताना तिने ती लगेच सोडली नाही. "एवढंच?"

"एवढंच. बाहेर सगळं फार छान आहे."

तो अंगणात परतला. खुर्चीवर बसला, मिठाची वाटी चादरीवर ठेवली.

"तुम्ही आधीही आला होतात का हो इथे?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"इथे बाहेर पहिल्यांदाच."

"किती गोड माणसं आहेत नाही? आणि हे काय, आइस्क्रीमला मीठ?"

"ड्रायव्हर लोकांची सवय," रेजी म्हणाला. त्याने चिमूटभर मीठ घेतलं, वितळत आलेल्या आइस्क्रीमवर नीट भुरभुरवलं, आणि बाई बघत असताना सगळी वाटी संपवली.