मेलेल्या पेशींचा प्रश्न

शोधनिबंधावरून आपलं नाव काढलंय हे तिला तो छापून आल्यावरच कळलं. तिच्या जागी तिच्या मार्गदर्शक सरांचा जावई होता.

तीन वर्षं ती प्रयोगशाळेत कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तातल्या मारक पेशी तपासत होती. या पेशी शरीरात गस्त घालतात आणि गाठीची पेशी दिसली की तिला संपवतात. रुग्णांमध्ये मात्र त्या ढिम्म बसून राहतात, कारण त्यांच्या अंगावरचा एक रिसेप्टर, म्हणजे बाहेरचे संदेश झेलणारा रेणू, ब्रेकसारखा दाबला गेलेला असतो. तो ब्रेक अडवला की पेशी पुन्हा तुटून पडतात, हे तिनं दाखवून दिलं होतं.

"अगं, तो घरचा माणूस," सर हसत म्हणाले. "तुझं बघू पुढं."

"आणि तू ऐकून घेतलंस?" घरी आत्यानं विचारलं.

"घेतलं."

त्या आठवड्यात तिनं निबंधामागची सगळी मोजणी उघडली. शेवटचे चाळीस नमुने जावयानं तपासले होते, आणि मेलेल्या पेशी दाखवून देणारा रंग घालायलाच तो विसरला होता. मेलेल्या पेशीला काहीही चिकटतं, ब्रेक शोधणारं रसायनसुद्धा, त्यामुळे मढ्यांवरही ब्रेक दिसत होता. सरांची खोली दहा पावलांवर होती. ती गेली नाही. परिषदेपर्यंतचे दोन महिने तिनं दातओठ खात काढले.

भरल्या सभागृहात जावयाचं भाषण संपलं, टाळ्या पडल्या. ती उठली.

"शेवटच्या चाळीस नमुन्यांत मेलेल्या पेशी बाजूला काढल्या होत्या का?"

जावई सासऱ्याकडे बघू लागला. "त्या... अशा कितीशा असणार?"

"आकसलेल्या आकारावरून मोजल्या मी. एका नमुन्यात दहातल्या सहा."

सर पहिल्या रांगेतून अर्धवट उठले. "हे आपण आत बोलू."

"नको सर, इथंच बोलू."

महिन्याभरात निबंध मागे घेतला गेला. सरांचं विभागप्रमुखपद गेलं. पण त्यांच्यासोबत तिचे खरे नमुनेही बुडाले. त्या रिसेप्टरचं नाव काढलं की लोक हसायचे. दुसरीकडे नोकरी मिळायला वर्ष गेलं.

"आधीच सांगितलं असतंस तर तुझं काम तरी वाचलं असतं," आत्या फोनवर म्हणाली.

"वाचलं असतं. जावयाच्या नावावर."

"मग, पस्तावतेस का?"

"सरांचं तोंड तू बघायला हवं होतंस, आत्या," ती म्हणाली. नव्या प्रयोगशाळेत तिच्यासमोर ताज्या रक्ताची नळी येऊन पडली होती. फोन ठेवून ती हातमोजे चढवू लागली.