कप्तान आणि नळाचा दिवस

माझ्या लेकीनं, दामिनीनं, कुत्रं आणलं त्या दिवशीही तिनं चपला दाराच्या बरोबर मधोमध काढल्या. चाळिशी उलटली, नांदेडच्या कॉलेजात पोरांना शिकवते, पण ही सवय काही गेली नाही. मी त्या चपलांकडंच बघत होते, म्हणून तिच्या हातात काय आहे ते मला आधी दिसलंच नाही.

"अव्वा, ओरडू नकोस. आधी ऐकून घे."

अशी सुरुवात करून जे सांगतात ते कधीच ऐकण्यासारखं नसतं, हे मला या वयात चांगलं कळलंय.

तांबूस रंगाचं, हाडकुळं कुत्रं होतं. दोन्ही डोळे ताकासारखे पांढरे. नांदेडला तिच्या घराजवळ गटारीच्या कडेला सापडलेलं. तिनं औषधपाणी केलं, अंगावर जरासं मांस धरलं, डोळे मात्र आले नाहीत. आता घरमालक म्हणतो, कुत्रं ठेवा नाही तर खोली ठेवा. नवा फ्लॅट घेतलाय, पण ताबा दिवाळीनंतर. तोवर याला लातूरला माझ्याकडं ठेवायचं असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

"मी एकटी बाई. माझंच मला होईना. आणि लिंगपूजा होते या घरात."

"तो बाहेरच्या खोलीत राहील. कप्तान नाव आहे त्याचं."

"कशाचा कप्तान? समोरची भिंत दिसंना त्याला."

"अव्वा, फक्त दोन गोष्टी सांभाळ. घरातलं काही हलवायचं नाही. आणि उठवणं, खाऊ घालणं, बाहेर नेणं, सगळं रोज ठरल्यासारखं करायचं. मग दिसत नसलं तरी त्याला घर कळतं."

मला हसावं की रडावं कळेना. जिनं जन्मात कधी वेळेवर ताट पुढं ओढलं नाही, ती मला शिस्त शिकवत होती. मी शिरूर अनंतपाळहून या घरात लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी जो दिवस आखून दिला, तो आजतागायत तसाच आहे. अंघोळ, विभूती, पूजा, मग चहा. मग भाकऱ्या. दुपारी जरा पाठ टेकायची. दिवेलागणीला ओट्यावर. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तरी आमचा दिवस बंद पडत नसे.

दामिनी गेली आणि कुत्रं दारात तोंड करून रडत बसलं. पहिले काही दिवस त्यानं मला नको करून सोडलं. गोल गोल फिरायचं, खुर्चीच्या पायाला धडकायचं, त्याच पायावर मुतायचं. मी नेमानं भाकरी-वरण कालवून ठेवायची, ते तोंड लावायचं नाही. का लावत नाही, ते नंतर कळलं. अख्खी गल्ली त्याला खाऊ घालत होती.

सगळ्यात पुढं वहिदा. भिंतीला भिंत लागून घर तिचं. तिचे मालक शिवणकाम करायचे, माझे मालक आडत दुकानात होते, तेव्हापासूनचा आमचा शेजार. आमची पोरं एकमेकींच्या घरात वाढली. पण कुत्र्यावरून आमचं जेवढं वाजलं तेवढं पोरांवरून कधी वाजलं नव्हतं.

"भाभी, ओ भाभी! बिचाऱ्यानं खाल्लं का काही?"

"आत्ताच खाल्लं."

"मग परत खाईल की. आंधळा जीव, त्याला काय कळतंय आत्ता खाल्लं का मघाशी."

"त्याला कळतंय. तुलाच कळंना."

एके दिवशी पूजेला बसले तर आसनाखाली काहीतरी टोचलं. उचलून बघते तो हाड! आमच्या घरात सात पिढ्यांत अंडं आलं नाही, आणि माझ्या आसनाखाली हाड. मी ते चिमट्यात धरून भिंतीवरून तिच्या अंगणात टाकलं.

"हे तुझं आहे."

"अय्यो भाभी, त्यानं तुमच्यासाठी ठेवलं असंल. प्रेमानं."

हसते कशी मेली! मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मीच नियम केला: दुपारची अजान होऊन तिची नमाज झाली, की तिनं भिंतीवरून बाहेरच्या पायरीवर काय टाकायचं ते टाकावं. रोज एकदा, पायरीवरच. आत आलं तर माझ्याशी गाठ. ती बोलल्याला जागली. आठवडाभरात कुत्रं अजान झाली की आपणहून पायरीवर जाऊन बसायला लागलं. माझा तांब्या न्हाणीत वाजला की उठायचं, पूजेची घंटा वाजली की उंबऱ्याबाहेर आडवं व्हायचं, भाकरी थापल्याचा आवाज आला की शेपूट हलवायचं. खुर्चीला धडकणं थांबलं.

मी म्हटलं, सुटले एकदाची. आणि नळ आला.

आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. आठवड्यानं येतो, दहा दिवसांनी येतो, कधी त्याहूनही लांबतो. वेळ त्याची त्यालाच ठाऊक. कोपऱ्यावरून कुणीतरी ओरडतं, "पाणी सुटलंऽऽ!" की सगळी गल्ली हातातलं टाकून धावते. मोटारी घुरघुरतात. मागचे ड्रम पुढं येतात, बाज उभी करून भिंतीला लागते, पाईप बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जातो, पातेल्यांपासून लोट्यापर्यंत सगळं अंगणात मांडलं जातं. मीही तशीच धावले. कुत्र्याचं ध्यानात कुठून राहणार?

ते अंगणातून आपल्या पोत्याकडं निघालं होतं, रोजच्या वाटेनं, बिनघोर. आधी ड्रमवर आपटलं. मागं सरलं तर पाईपात पाय अडकला. ओल्या फरशीवर घसरून नाक उंबऱ्यावर बसलं, रक्त आलं. मग जे पिसाळल्यासारखं पळालं, ते जिथं म्हणून वाट होती तिथं काहीतरी ठेवलेलंच. शेवटी ज्वारीच्या कोठीमागं घुसलं, आणि दुसरा दिवस उजाडला तरी बाहेर आलं नाही. घंटा वाजवली, भाकरी थापली, काही नाही. वहिदा पायरीवर हाका मारून थकली.

मी दामिनीला फोन लावला.

"तुझं शास्त्र तुझ्यापाशी ठेव. काही हलवायचं नाही म्हणतीस. लातुरात नळाच्या दिवशी घरात काय हलत नाही ते सांग! घेऊन जा हे."

"अव्वा, दिवाळीपर्यंत तरी..."

"न्हाई. जमायचं न्हाई."

तिचा फोन ठेवला आणि औशाला पुतण्याला लावला, अमरेशला. त्याचं शेत आहे, चार जनावरं आहेत.

"पाठवा की काकू. पण आंधळं कुत्रं राखण काय करणार? चोर आला तर त्यालाच वाट विचारत बसंल." वर स्वतःच हसला. मग म्हणाला, "बांधतो साखळीला. तसं बी हिंडणार हाय कुठं?"

"विचार करून सांगते," म्हटलं आणि फोन ठेवला. विचार कसला, रागच आला होता. साखळीला म्हणे.

त्या रागातच पितळी घागर घासायला घेतली. मागल्या खेपेचा गाळ बुडाला बसला होता, तो निघावा म्हणून पळीनं काठावर दोनदा हाणलं. टणटण असा तो आवाज घरभर फिरला, आणि माझा हात तिथंच थांबला.

आमच्या मालकांना साखर होती. शेवटची काही वर्षं डोळे गेलेच होते. बघायला येणारे सगळे असेच, वहिदासारखे. कुणी हात धरून उठवी, कुणी काठी कोपऱ्यातून उचलून उशाला ठेवी, कुणी खुर्ची उन्हातून सावलीत नेई. मालक वैतागायचे. "अगं, यांना सांग, मी आंधळा झालोय, पेंडीचं पोतं नाही झालो." एरवी घरात एकटे हिंडायचे, भिंतीतल्या देवळीतला चष्मासुद्धा चाचपून लावायचे, सवयीनं. पण नळाच्या दिवशी तेही अडखळायचे. तेव्हा मी घागर वाजवायची. घागर वाजली की ते भिंत धरून स्वयंपाकघराच्या चौकटीशी जायचे आणि तिथल्या पाटावर बसायचे. मग मी ड्रम हलवायची. सगळं जागच्या जागी गेलं की पुन्हा घागर. ते उठायचे. मालक गेल्यावर ती वाजवायची राहिली. वाजवायची कुणासाठी?

दामिनी हॉस्टेलवर, मग नोकरीवर. सुट्टीत आली तर अप्पांना त्या पाटावर बसलेलं बघायची, पण घागरीचं तिला कुठून माहीत असणार?

मी कोठीमागं भाकरीचा तुकडा धरला. किती वेळ बसले ते विचारू नका, गुडघ्यांना विचारा. नाक सुजलेलं ते एकदाचं बाहेर आलं. त्याचं पोतं उचलून मी चौकटीशी टाकलं.

आता नळ कधी येणार हे ब्रह्मदेवाला माहीत नाही. त्याची वाट बघत बसले असते तर कुत्रं काय शिकलं असतं? म्हणून मी नळ न येताच नळाचा दिवस करायला लागले. रोज, भाकऱ्या झाल्या की. घागर वाजवायची, भाकरीच्या वासानं त्याला चौकटीशी न्यायचं, बसवायचं. मग मागचा एक रिकामा ड्रम खडखड ओढत अंगणात आणायचा. पुन्हा मागं न्यायचा. पुन्हा घागर.

पहिल्या दिवशी घागर आणि ड्रम ऐकून अख्खी गल्ली बादल्या घेऊन बाहेर आली. कुणी मोटार चालू केली, कुणी साबण लावलेल्या अंगानंच पाईप जोडला. वहिदा कणकेच्या हातानं नळाशी.

"भाभी, पाणी कुठंय?"

"पाणी नाही आलं."

"मग ड्रम का ओढून राहिल्या?"

"हौस!"

तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग चौकटीशी कान टवकारून बसलेल्या कुत्र्याकडं. कणकेचे हात झटकत परत फिरली. पण गल्लीतल्या बायकांना तिनंच सांगितलं असणार, कारण पुढं माझी घागर वाजली की कुणी धावेना. उलट खऱ्या नळाच्या दिवशी माझी घागर ऐकून समोरची म्हणाली, "सिद्धम्माची कुत्र्याची शाळा भरली," आणि झोपून राहिली. तिचे ड्रम कोरडे राहिले. भांडायला मात्र माझ्या दारात आली.

त्या दिवशी कुत्रं चौकटीशी बसलं होतं. थरथरत होतं, एकदा उठलंही, पण परत बसलं.

दिवाळी झाली. नळ आले, गेले. एका रविवारी दामिनी आली. चपला दारात मधोमध. हातात नवा कोरा पट्टा.

"अव्वा, फ्लॅट मिळाला! सुटलीस तू. आज नेते याला."

गेले तीन महिने फोनवर मी दुसरं काही मागितलंच नव्हतं. "ने," म्हटलं. "बरं झालं."

कुत्रं तिच्या अंगावर चढलं, हात चाटले. मी भाकऱ्या थापत होते, आज जरा जोरातच.

"कितवा मजला?"

"चौथा. लिफ्ट आहे."

"म्हणजे पायाखालची जमीनच उचलणार. त्याला काय कळायचं ते?"

"शिकेल हळूहळू."

"तू कॉलेजला गेलीस की?"

"दुपारी एक बाई येईल ना बघायला."

"रोज तीच?"

"अव्वा, आता ते मला काय माहीत?"

"काहीच माहीत नाही. आणि नळ कधी येतो तिथं?"

"चोवीस तास पाणी आहे गं तिथं."

मी तव्यावरची भाकरी उलटली. जळली होती. आयुष्य गेलं लातुरात पाण्यामागं पळण्यात, आणि माझीच लेक चोवीस तास पाणी म्हणाली तर मला आनंद होईना. काय म्हणावं याला?

दामिनीनं पट्टा बांधायला घेतला आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून आरोळी आली, "पाणी सुटलंऽऽ!"

मोटारी घुरघुरल्या. दामिनी दचकली. मी फोनवर सांगितलेलं ते नाकातलं रक्त तिला आठवलं असावं. तिनं झटकन कुत्र्याला उचललं. "अव्वा, थांब! ड्रम ओढू नकोस, मी याला बाहेर नेते..."

ते तिच्या हातात चारही पाय झाडायला लागलं.

"ठेव त्याला खाली."

"अगं, तो घाबरलाय!"

"तू उचललंस म्हणून घाबरलाय. पेंडीचं पोतं आहे का ते? ठेव खाली!"

तिनं ठेवलं. मी पळी घेतली आणि घागरीवर हाणली. कुत्र्यानं एकदा मान हलवली, भिंतीला अंग घासत खोली ओलांडली, खुर्चीच्या अलीकडून वळलं आणि चौकटीशी पोत्यावर जाऊन बसलं. गळ्यात अर्धवट बांधलेला पट्टा लोंबत होता.

मी ड्रम ओढले. दामिनीनं एकाही ड्रमाला हात लावला नाही, नुसती उभी राहिली.

"अव्वा... ही तर अप्पांची जागा."

"त्यांची जागा कशाची? घरात तेवढीच एक कोरडी राहते. पाईप धर."

तिनं पाईप धरला. ड्रम भरले, घागरी भरल्या. दोघींनी मिळून सगळं जागच्या जागी नेलं, बाज आडवी केली. मी घागर वाजवली. कुत्रं उठलं, आळस दिला आणि अंगणाकडं निघालं.

दामिनी त्याच्याजवळ खाली बसली आणि पट्टा सोडून हातात गुंडाळत राहिली. डोळे भरले होते तिचे. जीव होता तिचा त्याच्यावर, मी नाही म्हणत नाही.

"राहू दे का गं याला इथंच? पण तुला त्रास..."

"आहेच त्रास. तीन महिने तुला मराठीत काय सांगून राहिले मी?" मी जळकी भाकरी बाजूला काढली, त्यालाच लागणार होती. "माझे गुडघे गेले ड्रम ओढून. वहिदाची हाडं सोसायची, गल्लीच्या शिव्या खायच्या. आणि तू नेणार लिफ्टमध्ये. आता पुन्हा पहिल्यापासून शिकायचं का त्यानं सगळं?"

"मग राहू दे?"

"महिन्यातून दोनदा यायचं. रविवारी, ठरल्यासारखं. मनात येईल तेव्हा नाही."

"हो."

"नुसतं हो नको. आणि आधी ऊठ, त्या चपला काढ तिथून. त्याची जायची वाट आहे ती."

दामिनी उठेपर्यंत कुत्रं दारापाशी पोचलं होतं. नाक चपलांना लागलं, थांबलं. मग तिथंच बसून राहिलं, आमच्याकडं तोंड करून, कुणीतरी वाट मोकळी करील म्हणून. दुरून अजान ऐकू यायला लागली, आणि भिंतीपलीकडं वहिदाचा तांब्या वाजला.

"ऊठ म्हटलं ना," मी ओरडले. "उशीर होऊन राहिला त्याला."